हाकेला येणारं नाव

कुत्र्याचं नाव घरात बसून ठरवू नये. अंगणाच्या कडेला उभं राहावं, पूर्ण आवाजात चार वेळा हाक मारावी आणि मग ठरवावं. बुरोंडीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण तिथे हाक मारणं हेच मुळात कष्टाचं काम आहे.

दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव चढउताराचं. लाडघर मागे टाकून पुढे आलं की अर्धगोल पृथ्वीवर उभा असलेला उंच परशुराम दिसतो. खाली समुद्र, बंदर आणि मच्छीमारांच्या होड्या. वरच्या घरातलं कुत्रं खाली मासळीच्या वासाने गेलेलं असतं आणि खालचं कुत्रं कुणाच्या तरी कलमांच्या बागेत वानरांमागे धावत असतं. मध्ये माडांची सळसळ, लाटांची गाज, इंजिनांची फटफट. पावसाळ्यात तर पत्र्यावरच्या सरींमुळे शेजारच्या खोलीतल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. अशा ठिकाणी कुत्र्याला दिलेलं नाव वाऱ्यावरून, उतारावरून आणि गाजेवरून पार जावं लागतं. जे जात नाही ते महिन्याभरात आपोआप बदलतं. 'अलेक्झांडर'चा 'अल्या' होतो, 'प्रिन्सेस'ची 'पिंसी' होते.

गलक्यात कुत्र्याला आपलं नाव कितपत ओळखू येतं, याचा अभ्यास अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात झाला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. मागे बायकांच्या एकत्र बोलण्याचा आवाज लावला होता आणि त्यातून कुत्र्याच्या ओळखीची नसलेली एक बाई त्याचं नाव उच्चारत होती. मागचा गलका नावाच्या आवाजाइतकाच मोठा असला तरी कुत्री आपलं नाव दुसऱ्या कुत्र्याच्या नावापासून वेगळं ओळखत होती. लहान बाळांपेक्षा ती यात सरस ठरली. गलका नावावर वरचढ झाला तेव्हा मात्र त्यांना ते जमलं नाही. बंदरावरच्या माणसाला हा निकाल ऐकून नवल वाटणार नाही. लाट फुटण्याआधी, दोन लाटांच्या मधल्या अवकाशात हाक द्यायची, हे तो पूर्वीपासून करत आला आहे.

हाकेचा सूरही महत्त्वाचा. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासक पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या शंभराहून अधिक लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ही सगळी माणसं प्राण्यांना वळण लावणारी, त्यांच्याकडून काम करून घेणारी होती. भाषा कुठलीही असो, प्राण्याला जवळ बोलावताना किंवा पळवताना माणसं आखूड, पुन्हा पुन्हा येणारे, तुटक आवाज काढतात आणि शांत करताना किंवा थोपवताना एकच लांब आवाज काढतात, असं त्यांना आढळलं. आपल्याकडचं 'यू-यू-यू-यू' आठवून पाहा. भाकरीचा तुकडा हातात घेऊन मागच्या दारी उभी राहिलेली आजी कुत्र्याला असंच बोलावते. अंगावर सोडायचं तेव्हा 'छू'. हाकलायचं तेव्हा 'हाड'. हे तिन्ही आवाज कुत्र्याला कुणी शिकवले नाहीत असं वाटावं इतके ते त्याच्या कानाला जुळलेले आहेत. चांगलं नाव या 'यू-यू'च्या जवळचं असतं. दोन अक्षरी, लागोपाठ तीनदा म्हणता येणारं, शेवटी स्वर उघडा राहणारं. मोत्या, वाघ्या, काळू, राजा, शेरू, चंपी, राणी. आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठलाही अभ्यास न वाचता निवडलेल्या या यादीतलं एकही नाव दोन अक्षरांच्या पुढे जात नाही.

याचा अर्थ कुत्र्याला लांब शब्द कळत नाहीत असा मुळीच नाही. अमेरिकेतल्या जॉन पिली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या 'चेसर' नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची वेगवेगळी नावं शिकवली होती. त्यावरचा शोधनिबंध २०११ साली आला. तेव्हा लांब नावाची अडचण कुत्र्याची नसते, आपली असते. आपल्याच तोंडाला ते घाईच्या वेळी जमत नाही. रस्त्यावरून डंपर येत असताना किंवा फुरसं दिसल्यावर जे तोंडातून एका श्वासात निघतं, तेच खरं नाव.

बुरोंडीत आणि आजूबाजूच्या कोळथऱ्यात, लाडघरात, पंचनदीत कुत्र्यांची जुनी नावं बहुतेक डोळ्यांनी पाहून ठेवलेली असतात. काळा म्हणून काळू, पांढरा म्हणून पांढऱ्या, केसाळ म्हणून झिपऱ्या, अंगावर पट्टे म्हणून वाघ्या, शेपूट आखूड म्हणून बांड्या. शहरातल्या माणसांना ही नावं कल्पनाशून्य वाटतात. मला ती तशी वाटत नाहीत. अशी नावं ठेवण्यासाठी आधी त्या पिल्लाकडे नीट पाहावं लागतं, आणि जे नाव पाहून ठेवलं जातं ते शेजाऱ्यालाही लगेच पटतं. नवीन आलेला पाहुणाही दहा कुत्र्यांतून काळूला ओळखू शकतो. 'ऑस्कर' कुठला, हे मात्र त्याला विचारावं लागतं.

या पद्धतीचं मूळ फार लांब जातं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या यमसूक्तात यमाच्या वाटेवर राखण करणारे दोन कुत्रे येतात. ते सरमेची पिल्लं, चार डोळ्यांची आणि शबल, म्हणजे कबऱ्या रंगाची. पुढच्या परंपरेत त्या दोघांना श्याम आणि शबल ही नावं मिळाली. यमाच्या दारातल्या कुत्र्यांचीही नावं शेवटी काळू आणि कबऱ्या! 'चार डोळे' म्हणजे डोळ्यांच्या वर असलेले दोन ठिपके असावेत, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तसे तांबूस ठिपके असलेली काळी कुत्री कोकणातल्या कुठल्याही एसटी थांब्यावर दिसतील.

त्यांची आई सरमा मात्र रंगावरून ओळखली जात नाही. ती इंद्राची दूती. पणींनी चोरून लपवलेल्या गायी तिने शोधून काढल्या. महाभारताच्या आदिपर्वात हीच सरमा पुन्हा भेटते. जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिल्लाला विनाकारण मारलं म्हणून ती भर यज्ञात येऊन जाब विचारते. एवढं सगळं असून त्याच महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर हिमालय चढून गेलेल्या कुत्र्याला व्यासांनी नाव दिलेलं नाही. दत्ताच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांनाही घरगुती नावं नाहीत, ते चार वेद मानले जातात. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागे धावले त्या कुत्र्याचं नावही कथेत नाही. जो देव म्हणून समोर आला त्याला हाक मारायची वेळच आली नसावी.

मराठी मुलखात कुत्र्याला नाव आणि त्यासोबत मान मिळाला तो खंडोबाच्या वाटेने. खंडोबाच्या चित्रात घोड्याबरोबर कुत्रा असतोच. देवाला वाहिलेला भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो आणि देवाचा कुत्रा मानतो. जेजुरीला वाघ्ये कोटंब्यातून भिक्षा घेतात आणि काही विधींत कुत्र्यासारखं भुंकतातही. म्हणून 'वाघ्या' हे नाव पट्ट्यांवरून आलं की देवावरून, हा हिशेब मांडत बसण्याची गरज मराठी घराला कधी वाटली नाही. दोन्ही खरंच असतं. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव खंड्या. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं अशी कथा सांगतात आणि संगम माहुलीला शाहू महाराजांच्या समाधीजवळ त्याचंही स्मारक आहे.

रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली ही कथा राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकामुळे घराघरांत पोचली आणि १९३६ साली, इंदूरच्या होळकरांच्या मदतीतून, गडावर त्याचा पुतळा उभा राहिला. शिवकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा पुरावा नाही असं इतिहास अभ्यासक सांगत आले आहेत. २०१२ साली तो पुतळा काढून टाकला गेला, पुन्हा बसवण्यात आला आणि वाद अजून चालू आहे. इतिहासाच्या बाजूने पुराव्याचाच आग्रह धरायला हवा, यात मला शंका नाही. पण कुत्र्याच्या नावाचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. नाटककाराला स्वामिनिष्ठ कुत्रा रंगवायचा होता तेव्हा त्याने हाताशी घेतलेलं नाव हेच, प्रत्येक वाडीत ज्याला हाक मारली जाते ते.

आता टॉमीकडे वळू. दापोलीला इंग्रजांनी १८१८ नंतर लष्करी छावणी केली होती. जुनी माणसं आजही 'कॅम्प दापोली' म्हणतात. टॉमी, टायगर, जॅकी, रॉकी ही नावं अशा छावण्यांतून, साहेबांच्या बंगल्यांतून आणि पुढे सिनेमांतून गावागावांत उतरली असावीत. पण ती टिकली कशामुळे? मला वाटतं, ती निर्धोक होती म्हणून. वाडीत टॉमी नावाचा कुणी चुलता नसतो. कोकणातल्या वाडीत घरं भावकीची असतात, एकाच नावाची तीन माणसं असतात आणि कुंपणाच्या तंट्यात बोलणं बंद असलेलीही दोन असतात. तिथे कुत्र्याला 'बाळ्या' म्हणून हाक मारली आणि पलीकडून बाळकृष्णतात्या बाहेर आले तर पिढीभराचं वैर पदरात पडतं. परक्या मुलखातल्या नावाने हा प्रश्न सुटतो.

ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गुजरातेत, भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याला एका बाईने आपल्या कुत्र्याचं नाव 'सोनू' ठेवलं. शेजाऱ्याच्या बायकोला लाडाने सोनूच म्हणत. त्यावरून भांडण पेटलं आणि शेजाऱ्यांनी त्या बाईला जाळण्याचा प्रयत्न केल्याची तक्रार पोलिसांत गेली. २०२३ साली राहुल गांधींनी गोव्यातून आणलेलं जॅक रसेल जातीचं पिल्लू आईला भेट दिलं, त्याचं नाव 'नूरी'. या नावाने धार्मिक भावना दुखावल्या म्हणून प्रयागराजच्या न्यायालयात तक्रार दाखल झाली. नाव ठेवणाऱ्याच्या मनात लाड असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात 'कुत्रा' ही शिवी आधीपासून बसलेली असते. म्हणून पिल्लाचं नाव पक्कं करण्याआधी शेजारच्या चार घरांत सांगून यावं. कुणाचं टोपणनाव, कुणाच्या गेलेल्या माणसाचं नाव, कुणाच्या देवाचं नाव त्यात नाही ना, हे तिथेच कळतं. यात कमीपणा नाही. त्या कुत्र्याला पुढची दहा-बारा वर्षं त्याच चार घरांच्या पायरीवर जायचं असतं.

जुन्या घरांतली एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. जवळच्या मुरुड गावचे महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो. धोंडो, दगडू, केरू, भिकू ही त्या पिढ्यांतल्या माणसांची नावं. मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून कित्येक घरांत अशी नावं ठेवत. आणि त्याच घरांच्या पडवीत बसलेल्या कुत्र्याचं नाव मात्र मोत्या, हिऱ्या किंवा राजा. पोटच्या पोराला दगड म्हणणाऱ्या माणसांनी कुत्र्याला मोती म्हणताना हात आखडता घेतला नाही.

कामावरच्या कुत्र्यांच्या नावांना वेगळा बाज असतो. फेब्रुवारी १९९३ मध्ये बुरोंडीच्या उत्तरेला, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटकं उतरवली गेली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. त्यानंतर मुंबई पोलिसांच्या ज्या लॅब्राडोर कुत्र्याने ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर शोधून दिले, त्याचं नाव झंजीर. १९७३ सालच्या सिनेमावरून ते आलं. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेल्या मुंबई पोलिसांच्या कुत्र्यांची नावं मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान. सगळी नावं एका दमात उच्चारता येणारी. २०२१ च्या सुरुवातीला भारत-तिबेट सीमा पोलिसांनी सतरा मॅलिनॉइस पिल्लांना पूर्व लडाखमधल्या ठिकाणांची नावं दिली. गलवान, श्योक, रेझांग अशी. जिथे जवान उभे आहेत त्या जागेचं नाव पिल्लाला द्यावं, ही कल्पना मला सीझरपेक्षा जास्त आवडते.

ठिकाणाचं नाव कुत्र्याला देण्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण टाटांच्या मुख्यालयातलं, मुंबईच्या बॉम्बे हाऊसमधलं. गोव्यात एक भटकं पिल्लू रतन टाटांच्या सहकाऱ्याच्या गाडीत चढलं आणि मुंबईपर्यंत आलं. त्याचं नाव 'गोवा' ठेवलं गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाला या कुत्र्याला आणलं तेव्हा देशभर ते नाव पोचलं. आलेल्या वाटेची खूण त्या नावात आहे, आणि हाक मारायलाही ते दोनच अक्षरांचं.

बुरोंडीत हल्ली नव्या नावांची भर पडते ती मे महिन्यात आणि गणपतीत. मुंबईचे चाकरमानी येतात, मुलांना बंदरावर किंवा काजीच्या बागेत पिल्लं सापडतात. 'हम आपके हैं कौन' १९९४ साली आला आणि कितीतरी वर्षं सगळी पिल्लं टफी होती. आता कोको, ब्रुनो, सिंबा, लिओ. पोरं दहा दिवस त्या पिल्लाला उराशी धरतात, बिस्किटं घालतात, नाव शिकवतात. मग एसटी किंवा गाडी निघते. पिल्लू पडवीत राहतं, आणि ज्या नावावर ते मान वळवायला शिकलं ते नाव घेणारं तोंडच गावात उरत नाही. घरातली म्हातारी त्याला 'कोको' म्हणत नाही, ती 'यू-यू' करते. नाव देणं ही सुट्टीतली गंमत नव्हे असं मला फार वाटतं. मुलांना पिल्लाचं नाव ठेवायचंच असेल तर आजीच्या तोंडात बसेल असं ठेवावं, आणि ते आजीनेच आधी चारदा हाक मारून पाहावं.

नाव बदलता येतं का, असं पुष्कळ जण विचारतात. येतं, आणि त्यात क्रूरता काही नाही. नाव म्हणजे कुत्र्यासाठी काहीतरी चांगलं घडणार असल्याची सूचना. नवं नाव एकदाच, मोकळ्या आवाजात घ्यायचं. त्याने मान वळवली की लगेच तुकडा द्यायचा. उकडलेल्या मासळीचा काटे काढलेला तुकडा चालतो, खारवलेली सुकी मासळी मात्र देऊ नये, तिच्यात मीठ फार. दिवसातून थोडा थोडा वेळ, पण घरातल्या प्रत्येकाने. चार दिवसांत फरक दिसू लागतो. या काळात दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. एक म्हणजे उत्तर मिळत नाही म्हणून तेच नाव दहा वेळा घोकणं. त्याने नाव हा पाठीमागचा गोंगाट होऊन जातो. दुसरी, नाव घेऊन रागावणं. चप्पल कुरतडली की 'मोत्याऽऽ' असं ओरडून अंगावर जायचं आणि संध्याकाळी त्याच नावाने जेवायला बोलवायचं, हे कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर फार अन्यायाचं आहे.

मराठी घरासाठी आणखी एक काळजी आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपण कुत्र्याशी मराठीत बोलतो. ये, बस, थांब, सोड, नको, चल हे आपले रोजचे हुकूम. नाव यांच्यापासून दूर हवं. 'निको' आणि 'नको' गाजेत सारखेच ऐकू येतात. 'बसंती' म्हटलं की पिल्लू पहिल्या अक्षरालाच बसतं. आमच्याकडे बंदरावरची एक तांबूस पिल्ली आली तेव्हा घरात 'तांबू' हे नाव जवळजवळ ठरलं होतं. लाडघरचं तामसतीर्थ शेजारीच, तिथल्या पाण्याचा रंगही तसाच तांबूस, म्हणून नाव सगळ्यांना आवडलं होतं. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या, हाक ऐकली आणि म्हणाल्या, "तिला थांब म्हणताय की ये म्हणताय?" मग तांबू मागे पडलं. नावाची घाई न करता थांबायचं आम्ही ठरवलं. पिल्लाला पाहत राहिलं की ते स्वतःच काहीतरी सुचवतं, हा जुना अनुभव आहे.

मादी पिल्लांबद्दल मात्र इथेही मन कठोर होतं, हे लिहायलाच हवं. राखणीला नर हवा, पिल्लांचं लेंढार नको, म्हणून मादी पिल्लं पोत्यात घालून बंदरावर सोडली जातात. तिथे मासळीवर ती कशीबशी जगतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि ते दोन महिने त्यांचे फार हाल होतात. यांतल्या बहुतेकींना नाव नसतं. ज्या एकदोघींना असतं, चंपी किंवा सोनी, त्यांना कुणाच्या तरी डब्यातला भात मिळतो असं बंदरावर दिसतं. नाव असलेल्या कुत्रीला चार माणसं ओळखतात, ती दोन दिवस दिसली नाही तर विचारतात, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचं शिबिर लागलं की कुणीतरी तिला उचलून नेतं. राजे-सरदारांच्या कुत्र्यांची स्मारकं झाली. माझ्या मते नावाची खरी गरज या बंदरावरच्या माद्यांना आहे. वाडीतल्या शाळकरी मुलांनी मनावर घेतलं तर एका रविवारच्या सकाळी हे काम होईल.

आमच्या पिल्लीचं नाव शेवटी चिंगी झालं. अंगाने एवढीशी, चिंगळासारखी उड्या मारणारी, आणि वाडीत त्या नावाची कुणी मुलगी नाही हे चार घरांत विचारून झालेलं. वरच्या अंगणातून हाक मारली की खालच्या माडांपर्यंत ऐकू जातं. तीन महिन्यांची झाल्यावर तिला रेबीजची पहिली लस दिली. डॉक्टरांनी कार्ड काढलं आणि नाव विचारलं तेव्हा घरातली तिघं एकदम बोलली. पुढची मात्रा वर्षाने आहे आणि त्याआधी तिची नसबंदी करून घ्यायची आहे. ती तारीखही त्याच कार्डावर, नावाच्या खाली लिहून ठेवली आहे.